वर, खाली, डावा, उजवा : पाटाकाठच्या वाटेचे स्थळवर्णन

प्रास्ताविक

स्थळवर्णन लिहिताना विशेषणांची काळजी बहुतेक जण घेतात. दिशावाचक शब्दांची क्वचितच कोणी घेतो. गृहपाठांमधील धबधबे सहसा ‘निसर्गरम्य’, ‘फेसाळणारे’ आणि ‘डोळ्यांचे पारणे फेडणारे’ असतात. ही विशेषणे कोणत्याही धबधब्याला चालतात, म्हणून त्यांतून एकाही धबधब्याचे वर्णन होत नाही. वर, खाली, अलीकडे, पलीकडे, डावा, उजवा हे साधे शब्द मात्र लिहिणारा कोठे उभा आहे आणि कोणाच्या बाजूने पाहतो आहे, हे उघड करतात. या घटकात आपण त्यांचाच विचार करणार आहोत. त्यासाठी देवळाली प्रवरा परिसरातून निघून, पाटाच्या काठाने, पाण्याच्या उगमाकडे जाणारी वाट उदाहरण म्हणून घेऊ.

कोणाचा डावा, कोणाचा उजवा?

प्रवरा नदी सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते, पूर्वेकडे वाहते आणि प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. भंडारदरा येथील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथे दोन कालव्यांत विभागले जाते : डावा व उजवा. देवळाली प्रवरा हा भाग नदीच्या उजव्या अंगाला, म्हणजे दक्षिणेस आहे.

आता आपण उजव्या कालव्याच्या काठाने पश्चिमेकडे, ओझरच्या दिशेने चालत आहात अशी कल्पना करा. नदी आपल्या कोणत्या हाताला असेल? उजव्या. आणि नदीपलीकडचा ‘डावा कालवा’? तोही उजव्याच हाताला. कारण नदीचे काठ ठरवताना पाण्याबरोबर तोंड करावे लागते, आणि आपण तर पाण्याच्या विरुद्ध चाललो आहोत. ‘माझ्या उजव्या हाताला’ ही वक्तृसापेक्ष दिशा झाली; ‘उजवा कालवा’ ही प्रवाहसापेक्ष दिशा. पहिली चालणारा वळला की बदलते, दुसरी बदलत नाही. ‘उजवीकडे डावा कालवा दिसू लागला’ हे वाक्य म्हणूनच निर्दोष असू शकते. ते वाचून वाचक गोंधळणार असेल, तर एका वाक्यात आधार सांगून टाकावा. दोन्ही आधारांची नकळत सरमिसळ करणे हा मात्र वर्णनातला खरा दोष होय.

क्रियापदांचेही असेच आहे. ओझरला कालवा ‘सुरू होतो’ असे पाटबंधारे खाते म्हणेल. खालून चालत आलेल्या माणसासाठी तो तेथे ‘संपतो’. पुढे धबधब्यांपर्यंत प्रवरेचा पाट सोबतीला नाही. अकोले, राजूर ओलांडून नदीच्या अनुरोधाने जावे लागते, तेव्हा कोठे सुमारे १७० फुटांवरून कोसळणारा रंधा धबधबा येतो. त्याहून वर, धरणाच्या पायथ्याशी, अंब्रेला फॉल आहे. धरणाचे पाणी सोडले की गोलाकार खडकावरून तो छत्रीसारखा पसरतो. म्हणजे या वाटेवरचा शेवटचा धबधबा पाऊस आणि माणूस यांनी मिळून केलेला आहे. तो वाहताना दिसला, तर पाणी कोणासाठी सुटले आहे हा प्रश्न वर्णनात यायला हरकत नाही.

एका बेटावरील वाट

पाटाच्या काठाने धबधब्यापर्यंत चालत जाण्याची जगभर ओळखली जाणारी वाट अटलांटिक महासागरातील मादैरा या पोर्तुगीज बेटावर आहे. बेटाची उत्तर बाजू पावसाची, दक्षिण बाजू तुलनेने कोरडी. पंधराव्या शतकापासून तेथे डोंगरकड्यांत अरुंद पाट खोदून पाणी शेतांकडे नेले गेले. आरंभीच्या काळातील मोठे पीक कोणते असेल? ऊस! प्रवरेच्या लाभक्षेत्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या पाटांना ‘लेवादा’ म्हणतात. ‘नेणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेले हे स्त्रीलिंगी भूतकालवाचक रूप आहे, शब्दशः ‘नेलेली’. आपला ‘कालवा’ शब्द दक्षिणेकडून आला आहे. कन्नडमधील ‘कालुवे’ आणि तेलुगूमधील ‘कालुव’ हे त्याचे सोयरे. (‘मुलांनी कालवा केला’ मधील कालवा निराळा, हे सांगायला नकोच.) लेवादाची देखभाल करणारा आणि पाणी वाटून देणारा तो ‘लेवादेइरो’, आपल्याकडे पाटकरी. तेथे पाण्याच्या पाळीला ‘जिरो’, म्हणजे फेरा, म्हणतात. आपण ‘आवर्तन’ म्हणतो. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांनी पाणीवाटपासाठी फिरण्याचीच कल्पना निवडली, याचे मला आश्चर्य वाटत नाही, पण आनंद मात्र वाटतो.

लेवादाच्या काठाची पाऊलवाट मुळात या पाटकऱ्यासाठी केलेली. आज तिच्यावरून पर्यटक जातात. काल्देइरांव व्हेर्द नावाच्या उंच धबधब्याकडे जाणारी वाट दाट सदाहरित जंगलातून आणि डोंगरात खोदलेल्या अंधाऱ्या बोगद्यांतून जाते. हे लॉरेल वृक्षांचे जंगल १९९९ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पाण्याला अगदी अल्प उतार पुरतो, त्यामुळे डोंगरात असूनही ही वाट जवळजवळ सपाट राहते. चालणाऱ्याला चढ जाणवत नाही आणि म्हणून त्याच्या वर्णनातून ‘वर’ व ‘खाली’ हे शब्द सहज निसटतात. ज्याचे शेत या पाटावर भिजते, त्याच्या बोलण्यात ते येणारच.

‘वर’ शब्दाचे दोन अर्थ

येथे आपण पुन्हा प्रवरेकाठी येऊ, कारण या घटकाचा गाभा येथे आहे.

कालवा समान उंचीच्या रेषेने, किंचित उतार घेत जातो. पाणी त्यातून आपोआप फक्त खालच्या बाजूला, नदीकडे उतरते. म्हणून ‘पाटाखालची जमीन’ म्हणजे बागायत आणि ‘पाटाच्या वरची’ म्हणजे बहुधा जिरायत. देवळालीहून ओझरकडे जाताना हा फरक आपल्या दोन हातांना असतो : उजवीकडे नदीपर्यंतची भिजणारी शिवारे, डावीकडे चढत जाणारे रान. विहिरी व उपसा यांमुळे ही रेषा आज पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही, पण भाषेत ती कायम आहे. ‘ओलिताखालील क्षेत्र’, ‘लागवडीखालील जमीन’ या प्रयोगांत ‘खाली’ने आपला स्थळवाचक अर्थ सोडला आहे, ‘पाटाखालची जमीन’ मध्ये तो पूर्णपणे जिवंत आहे.

आता दुसरा अर्थ पाहा. ‘वरच्यांनी पाणी घेतलं, खाली आलंच नाही,’ असे चारीच्या टोकाचा शेतकरी म्हणतो, तेव्हा ‘वर’ म्हणजे प्रवाहाच्या आरंभाकडे. सरकारी कागदात ‘शीर्ष’ आणि ‘पुच्छ’, बोलण्यात ‘हेड’ आणि ‘टेल’. शेजपाळीत पुच्छाकडून शीर्षाकडे पाणी देत यावे असा संकेत आहे. तो करावा लागला, यातच वरच्याचे बळ दिसते.

म्हणजे उताराच्या अंगाने ‘वर’ असणे हे दुर्दैव आणि प्रवाहाच्या अंगाने ‘वर’ असणे हे सुदैव! शब्द एकच, पण त्याने सांगितलेले नशीब नेमके उलट. संदर्भ न पाहता ‘वरची जमीन’ असे लिहिणारा लेखक कोरड्या शेतकऱ्याला ओला आणि ओल्याला कोरडा करून टाकतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या निळवंडे प्रकल्पाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली. त्याचे कालवे प्रवरेच्या जुन्या कालव्यांपेक्षा अधिक उंचीवरून जातात. जुन्या पाटांच्या ‘वर’ राहून गेलेल्या दुष्काळी गावांसाठी ते आहेत. डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. मधली त्रेपन्न वर्षे ज्यांनी वाट पाहिली, त्यांना ‘वर’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. दुसरीकडे, नगर-नाशिकच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीला पाणी सोडावे की नाही, या वादात हीच गावे ‘वरची’ ठरतात आणि मराठवाडा ‘खालचा’. शासकीय मराठीत या पाणलोटाला ‘ऊर्ध्व गोदावरी’ म्हणतात. ‘ऊर्ध्व’ म्हटल्याने भांडणाचा आवाज कमी होतो. भांडण तेवढेच राहते.

स्वाध्याय

आपल्या गावाजवळचा एखादा पाट, चारी, ओढा किंवा नळाची मोठी वाहिनी निवडा. पाणी सुटलेले असेल तर काठापासून अंतर राखा. अस्तर केलेल्या पाटात घसरलेल्या माणसाला हात रोवायला जागा मिळत नाही. तिच्या कडेने शक्य तेवढे उगमाच्या दिशेने चाला आणि दोनशे शब्दांत वर्णन लिहा. नंतर त्याच पाण्यावर शेत भिजवणाऱ्या व्यक्तीला तीच वाट तोंडी सांगायला सांगा आणि तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. दोन्ही वर्णनांतील दिशावाचक शब्दांखाली रेघ ओढा. कोणते शब्द चालणाऱ्याच्या स्थानावरून ठरले आणि कोणते पाण्याच्या ओघावरून, ते प्रत्येक शब्दापुढे नोंदवा. ‘वर’ हा शब्द आला असेल, तर तेथे तो उताराचा आहे की प्रवाहाचा, हे त्या व्यक्तीलाच विचारा.