संधिवात : कारणे आणि सावधगिरी

‘वय झाले, आता गुडघे दुखायचेच!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात थोडे सत्य आहे. परंतु त्यामुळे पुष्कळ सत्य झाकूनही जाते. संधिवात हा एकच रोग नव्हे. त्याचे शंभरांहून अधिक प्रकार वैद्यकास ज्ञात आहेत. त्यांपैकी तीन प्रमुख प्रकारांचा व ते कशामुळे बळावतात याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पहिला प्रकार झिजेचा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की सांधा दुखतो व आखडतो. वाढते वय आणि आनुवंशिकता यांवर आपला इलाज नाही. परंतु स्थूलपणा, सांध्याची जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून वा ओझी उचलून केलेले काम हीही त्याची कारणे आहेत. स्थूल वृद्धांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, वजन एक किलोने घटल्यास चालताना दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने हलका होतो.

दुसरा प्रकार सामान्यतः आमवात म्हणून ओळखला जातो. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा दुपटी-तिपटीने आढळतो आणि ऐन तारुण्यातही जडू शकतो. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो.

तिसरा गाउट. रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात आणि बहुधा पायाचा अंगठा एकाएकी सुजून ठणकू लागतो. मद्यपान, अतिरिक्त मांसाहार, स्थूलता व मूत्रपिंडाचे विकार यांस पोषक ठरतात.

अर्थात, धोका असणे म्हणजे रोग होणारच असे नव्हे. परंतु जे आपल्या हाती आहे ते सोडून देणे शहाणपणाचे नाही. विद्यार्थिमित्रांनो, नियमित व्यायाम करा, तंबाखूपासून दूर राहा आणि खेळताना मुरगळलेला गुडघा पूर्ण बरा झाल्यावाचून मैदानात उतरू नका. तसेच घरातील आजीचे वा आईचे सांधे सुजत असतील, सकाळी उठल्यावर तासभर आखडून राहत असतील, तर ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आमवातावर वेळीच उपचार झाले, तर सांधे कायमचे वाकडे होण्याचे बहुधा टळते.