पेरणीपूर्वी शेत का मोकळे करायचे?

कर्करोगावर जहाल औषधे देतात हे तुम्ही ऐकले असेल. थॅलसेमिया हा कर्करोग नव्हे. तो आईवडिलांकडून आलेला रक्तदोष आहे. मग या रोगात अस्थिमज्जा-रोपणापूर्वी तशीच औषधे का देतात?

प्रथम दोष समजून घेऊ. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. थॅलसेमियात हिमोग्लोबिनची एक प्रथिनसाखळी पुरेशी तयार होत नाही. रोग तीव्र असल्यास मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्ताबरोबर आलेले लोह यकृतात व हृदयात साठते.

रक्तपेशी हाडांतील मज्जेत, मूलपेशींपासून बनतात. जुळणाऱ्या निरोगी भावंडाच्या मूलपेशी शिरेतून दिल्या, तर त्या रक्तावाटे मज्जेत पोचतात. पण तेथे दोन अडचणी असतात. जुन्या मूलपेशींनी जागा अडवलेली असते आणि मुलाच्या पांढऱ्या पेशी परक्या पेशींना मारू पाहतात. जुने पीक उभे, राखणदार जागा. अशा शेतात नवे बी रुजणार कसे?

म्हणून रोपणापूर्वी काही दिवस औषधे देतात. बुसल्फान मुख्यतः मज्जा रिकामी करते. सायक्लोफॉस्फामाइड प्रतिकारशक्ती दाबते. दोन्ही औषधे डीएनएचे धागे जखडतात, त्यामुळे पेशींचे विभाजन थांबते. ती शरीरातून निघून गेल्यावरच नव्या पेशी देतात. १९८१ साली सिअ‍ॅटल येथे डॉ. डॉनल थॉमस व सहकाऱ्यांनी थॅलसेमियाच्या एका बालकावर असे यशस्वी रोपण केले. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र याची किंमत मोठी असते. नवी मज्जा रुजेपर्यंत काही आठवडे साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. पुढे अपत्यप्राप्तीची क्षमताही जाऊ शकते. रक्त घेत जगणाऱ्या मुलासाठी हा धोका पत्करावा का, हा आईवडिलांपुढील कठीण प्रश्न असतो.

आता एक कोडे. २०२३ साली ब्रिटनने एका जनुकीय उपचाराला मान्यता दिली. त्यात रोग्याच्याच मूलपेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत देतात. पेशी स्वतःच्याच, म्हणजे राखणदाराची हरकत नाही. तरीही बुसल्फान द्यावेच लागते. का बरे?

उत्तर तुम्हाला सुचलेच असेल: राखणदार गप्प असला, तरी जुने पीक उभेच असते! बुसल्फानशिवाय ही जागा कशी मोकळी करावी, याचा शोध आज शास्त्रज्ञ घेत आहेत.