जकात देणारा हात दुष्काळात रिकामा होऊ नये

मोकळ्या रानात चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांच्या जकातीची किमान मर्यादा, म्हणजेच निसाब, इस्लामी शरीअतने ४० ठरविली आहे. चाळीस जनावरे वर्षभर एखाद्याच्या मालकीत राहिली, तर त्यांतील एक जनावर जकात म्हणून द्यावे लागते. एकोणचाळीस असतील तर जकात अनिवार्य नाही. उंटांचा निसाब ५ आणि गाईंचा ३० आहे. हे आकडे आपण लहानपणी पाठ करतो आणि विसरून जातो, कारण आपल्यापैकी बहुतेकांची जकात रोख रक्कम, सोने आणि व्यापारी माल यांवर निघते.

परंतु आपल्या उम्मतचा एक मोठा भाग आजही जनावरांच्याच आधारावर जगतो. सोमालिया, इथिओपियाचा पूर्वेकडील सोमाली प्रदेश आणि केनियातील वजीर, मंडेरा हे उत्तरेकडील जिल्हे हा त्यांचा मुलूख आहे. तेथे वर्षातून दोनदा पाऊस पडतो: एप्रिल ते जून ‘गू’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ‘देईर’. २०२०च्या अखेरीपासून २०२२च्या अखेरीपर्यंत असे पाच हंगाम ओळीने वाया गेले आणि लाखो जनावरे दगावली. या बांधवांना कोणती मदत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते आणि आपला धर्म त्याविषयी कोणती दृष्टी देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दुष्काळ माणसाला गरीब कसा करतो?

पशुपालकाचे घर एका विनिमयावर चालते. तो जनावर विकतो आणि धान्य, तेल, साखर विकत घेतो. दुष्काळात या तराजूची दोन्ही पारडी एकाच वेळी त्याच्या विरुद्ध जातात. चारा संपतो, जनावर हडकते आणि सर्वांनाच विकण्याची घाई झाल्यामुळे बाजारात जनावरांचे भाव कोसळतात. त्याच वेळी धान्य महाग होते. पूर्वी एका शेळीत जेवढे धान्य येई, तेवढ्यासाठी आता अनेक शेळ्या द्याव्या लागतात. कवडीमोलाने दावण रिकामी करण्याचे हे दुःख आपल्या मराठवाड्यालाही अपरिचित नाही.

समजा, वजीरमधील एका कुटुंबाकडे चाळीस शेळ्या आहेत. आजवर ते जकात देणारे घर आहे. पहिला हंगाम कोरडा जातो तेव्हा बोकड विकले जातात. दुसरा कोरडा जातो तेव्हा दुधाच्या आणि गाभण शेळ्यांवर पाळी येते. गाभण शेळी विकणे म्हणजे केवळ आजचे दूध नव्हे, तर उद्याची करडेही विकणे होय. मुलांच्या तोंडचे दूध प्रथम जाते. पाऊस परत येतो तेव्हा गवत भरपूर असते, पण ते खायला जनावर नसते. शेळी पाच महिन्यांत विते, म्हणून तिचा कळप काही वर्षांत पुन्हा उभा राहू शकतो. उंटीण मात्र सुमारे तेरा महिने गाभण असते आणि साधारणपणे दोन वर्षांतून एकदाच विते. उंटांचा कळप गेला, तर एक पिढी मागे पडते. अशा रीतीने जकात देणारे घर जकात घेणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभे राहते.

रोख रक्कम नेमके काय करते?

या कुटुंबाच्या हाती योग्य वेळी थोडी रोख रक्कम आली, तर ते त्यातून धान्य घेते आणि गाभण शेळी विकण्याची वेळ टळते. उरलेल्या पैशात चारा, टँकरचे पाणी किंवा जनावरांचे औषध येते. दुकानदाराची उधारी अंशतः फिटते आणि तो पुढचे धान्य देण्यास तयार होतो. कोणत्या घरी कोणती गरज पहिली, हे दूर बसलेल्या दात्याला कळत नाही. चूल पेटविणाऱ्या आईला ते नेमके ठाऊक असते.

केनियात २००९ पासून तुर्काना, मार्साबित, वजीर आणि मंडेरा या चार जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांना दर दोन महिन्यांनी ठराविक रोख रक्कम देण्याची योजना चालविली गेली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात बहुसंख्य कुटुंबांची नोंदणी करून बँकेत खाती आधीच उघडून ठेवण्यात आली. उपग्रहाच्या साहाय्याने गवताची स्थिती पाहिली जाते आणि ती खालावल्यास आणखी कुटुंबांच्या खात्यांत रक्कम जमा करता येते. सोमालियात २०११च्या जुलैमध्ये भीषण उपासमार जाहीर झाली, तेव्हा अनेक भागांत धान्याची वाहने पोहोचणे अशक्य होते. तेथे हवाला पेढ्यांमार्फत रोख मदत पोहोचविण्यात आली. पण ती मदत उशिरा आली. त्या आपत्तीत सुमारे अडीच लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे.

रोख मदतीला मर्यादाही आहेत. बाजारात धान्यच नसेल, विहीर आटली असेल किंवा रस्ता बंद असेल, तर नोटा खाता येत नाहीत. तेथे धान्य, पाणी आणि औषधच न्यावे लागते. लाभार्थींची यादी अमानतदारीने झाली नाही, तर सर्वांत दुबळे घर वगळले जाते. म्हणून प्रथम परिस्थिती पाहणे आणि मग मदतीचे स्वरूप ठरविणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

इस्लामची शिकवण

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चाळीस सत्कृत्यांचा उल्लेख केला आणि त्यांत सर्वश्रेष्ठ म्हणून दुभती शेळी गरजूला दुधासाठी वापरायला देण्याचे सांगितले. सोमाली समाजातही आप्तांना दुभते जनावर काही काळ देण्याची प्रथा चालत आली आहे. गरजवंताला उत्पन्नाचे साधन मिळावे, हा या शिकवणुकीतील भाव आहे.

हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणाच्या रखवालदाराला आज्ञा दिली होती की, थोडी जनावरे असणाऱ्या गरिबाला कुरणात येऊ द्यावे आणि मोठ्या श्रीमंतांच्या कळपांना आत घेऊ नये. त्याचे कारणही त्यांनी स्पष्ट केले होते. श्रीमंताची जनावरे मेली तर त्याच्याकडे शेती आणि बागा आहेत. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांसह खलीफाच्या दारी येईल, आणि तेव्हा सोने-चांदी देण्यापेक्षा आज पाणी व गवत देणे सोपे आहे. जनावर जिवंत असतानाची मदत स्वस्त पडते, हे त्यांनी चौदा शतकांपूर्वी ओळखले होते.

हिजरी १८ मध्ये अरबस्तानात ‘आमुर्रमादा’ म्हणजे राखेचे वर्ष म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला. हजरत उमर (रजि.) यांनी शाम येथून धान्य मागविले आणि स्वतः तूप खाणे सोडले. त्या वर्षी पशुपालकांकडून जकात वसूल करण्याचे त्यांनी पुढे ढकलले. पाऊस आल्यानंतर दोन वर्षांची जकात घेण्यात आली आणि त्यांतील एका वर्षाचा हिस्सा तेथील गरिबांतच वाटण्यात आला. जकातीचा हक्क त्यांनी सोडला नाही, पण संकटात सापडलेल्या माणसाची पाठही मोडली नाही.

दिव्य कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ अधिकारी सांगितले आहेत. त्यांत फकीर आणि मिसकीन प्रथम येतात. फिकहच्या विद्वानांनी जकातीत ‘तमलीक’ म्हणजे घेणाऱ्याला वस्तूचा पूर्ण मालक बनविणे महत्त्वाचे मानले आहे. गरिबाच्या हातात दिलेली रोख रक्कम ही अट सहज पूर्ण करते. ती कशी खर्च करावी याचा निर्णय त्याचा असतो, आणि त्यातच त्याचा सन्मान आहे.

आपल्यासाठी बोध

आपण बहुधा रमजानमध्ये जकात काढतो. दुष्काळ मात्र रमजानची वाट पाहत नाही. हजरत अब्बास (रजि.) यांना प्रेषितांनी मुदतीपूर्वी जकात देण्याची परवानगी दिली होती आणि बहुसंख्य फुकहांच्या मते निसाब असणाऱ्याने आगाऊ जकात देणे वैध आहे. संकटाची चाहूल लागताच दिलेली रक्कम एक घर वाचवू शकते. तीच रक्कम सहा महिन्यांनी केवळ काही दिवसांचे अन्न ठरते. हाच नियम शेजारच्या गावातील मेंढपाळाला, हातगाडीवाल्याला आणि शिलाई मशीन गहाण ठेवू पाहणाऱ्या भगिनीलाही लागू आहे. साधन विकले जाण्यापूर्वी पोहोचा.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. गाभण शेळी विकल्याने कुटुंबाचे दुहेरी नुकसान कसे होते?
२. कुरणाविषयी हजरत उमर (रजि.) यांच्या आज्ञेत कोणती दूरदृष्टी दिसते?
३. रोख मदत कोठे अपुरी पडते?
४. आपल्या नात्यात वा मोहल्ल्यात उपजीविकेचे साधन विकण्याच्या बेतात असलेले कोणी आहे काय? त्याच्यापर्यंत या महिन्यात आपण कसे पोहोचू?

अल्लाह आपल्या संपत्तीत बरकत देवो, ती योग्य वेळी योग्य हाती पोहोचविण्याची बुद्धी देवो, आणि कोरड्या भूमीवर कृपेचा पाऊस पाडो. आमीन.