दुकानाची खूण

त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, एका तरुणाने छायाचित्रांचे लहानसे दुकान थाटले आहे, अशी कल्पना करा. कॅमेरा आला, दिवे आले, मागे टांगावयाचा पडदाही आला. राहिली ती केवळ दारावरची पाटी. पाटी रंगविणारा कुंचला घेऊन उभा आहे आणि विचारतो आहे, "काय काढू?" तरुणाजवळ उत्तर नाही. नाव तर हवेच. पण नावाबरोबर एखादी अशी खूण हवी, की जी पाहताच हे दुकान अमक्याचे, हे अक्षरे न वाचताही ओळखावे. अशा खुणेस बोधचिन्ह म्हणतात. आपल्या देशात 1951-52 साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हते अशा लक्षावधी मतदारांनी चिन्हे पाहूनच मते दिली. चिन्हाचे सामर्थ्य त्यावरून ध्यानात येईल.

छायाचित्रकाराला अशा खुणेची गरज प्रारंभापासूनच होती. पूर्वी कागदावर उमटविलेले चित्र जाड पुठ्ठ्यावर डकवीत असत. त्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस किंवा पाठीवर छायाचित्रकाराचे नाव व गाव छापलेले असे. चित्र दिवाणखान्यात लागे, येणारेजाणारे ते पाहत आणि "कोणी काढले?" या प्रश्नाचे उत्तर तेथेच वाचीत. चित्र अल्पावधीत पिवळे पडले, तर दोष कोणाचा हेही तेथेच छापलेले असे! नाव छापणे म्हणजे एका परीने जामीन राहणेच होते.

आता, नाव कोणते घ्यावे? बहुतेक जण स्वतःचेच घेतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्यातली अडचण याच त्र्यंबकेश्वरात 30 एप्रिल 1870 रोजी जन्मलेल्या एका पुरुषाच्या चरित्रात दिसून येते. ते पुरुष म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रकार होते. गोध्रा येथे त्यांनी हा व्यवसाय मांडला. पण प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि ते गाव सुटले. पुढे बडोद्यास पुन्हा प्रयत्न केला. तेथे वेगळेच संकट उभे राहिले. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी वदंता शहरात पसरली होती. जेथे यंत्राचीच धास्ती, तेथे पाटी कितीही सुबक असून काय उपयोग?

नंतर फाळक्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. त्याला नाव दिले स्वतःचे: फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स. पुढे छापखाना दादरला आला, नवे भागीदार मिळाले आणि नाव झाले लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. मतभेद झाले तेव्हा फाळके बाहेर पडले. छापखान्याची ख्याती त्यांच्या हातांनी मिळविलेली होती. ती मात्र नव्या नावाबरोबर मागेच राहिली. मग 1912 साली पुन्हा आपल्याच नावाची फाळके फिल्म्स ही संस्था त्यांनी उभी केली आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला. 1918 साली भागीदार आले आणि नाव पुन्हा पालटले: हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. माणूस तोच, हात तेच; परंतु लोकांनी ओळखावे कशावरून? एकच खूण अशी अखेरपर्यंत टिकली नाही.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे. 1 जून 1929 रोजी विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम व सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी चित्रपटसंस्था स्थापिली, तेव्हा पाचांपैकी एकाचेही नाव तिला दिले नाही. नाव ठेवले 'प्रभात', आणि खूण घेतली तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची. मागे झुकलेली ती आकृती आणि वर उचललेली तुतारी, एवढेच. प्रभात म्हणजे पहाट, आणि तुतारी आगमनाची वर्दी देते; नावाचा अर्थ चित्रात उतरला. संस्था 1933 साली पुण्यास गेली, काही भागीदार सोडून गेले, पुढे संस्थाही बंद पडली. ती तुतारी मात्र जुने चित्रपट पाहणारे आजही एका दृष्टिक्षेपात ओळखतात.

हे ऐकून आपल्या तरुणाने कागद पुढे ओढला. प्रथम त्याने त्र्यंबकेश्वराच्या देवळाचे शिखर काढले. पण देवळाचे चित्र फुलवाल्याच्या पाटीवर आहे, धर्मशाळेच्या पाटीवर आहे, पेढ्यांच्या खोक्यावरही आहे. जे सर्वांचे, ते ओळखीस निरुपयोगी. मग सुचला तिसरा डोळा. त्र्यंबक म्हणजे तीन नेत्रांचा, आणि कॅमेरा तरी एक नेत्रच. कल्पना चतुर खरी. परंतु शंकराने तिसरा डोळा उघडला म्हणजे काय होते, हे सर्वांस ठाऊक आहे. समोर स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकास त्याची आठवण न दिलेलीच बरी! शिवाय 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेल्या चिन्हाची नोंदणी होत नाही. नुसते गावाचे नावही सहसा नोंदवून मिळत नाही, कारण गावावर कोणा एकाची मालकी नसते. नोंदलेले चिन्ह मात्र दहा वर्षे आपले राहते आणि मुदत संपताच ती पुन्हा वाढविता येते.

तिसऱ्या कागदावर त्याने कॅमेरा, डोळा, डोंगर, नदी आणि सूर्य असे सारेच कोंबले. ते पाटीवर शोभलेही असते. पण पोस्टाच्या तिकिटाएवढे लहान करून पाहताच त्याचा केवळ काळा डाग उरला. बोधचिन्हाची खरी परीक्षा हीच होय. ते पाटीवर हातभर मोठे असते, छायाचित्राच्या कोपऱ्यात नखाएवढे, आणि रबरी शिक्क्यावर एकाच शाईचे. आज तर मोबाइलच्या पडद्यावर ते आणखी लहान होते. या सर्व ठिकाणी जे तग धरील, तेच खरे.

संध्याकाळी तो दुकानाच्या उंबऱ्यावर बसला. दाराच्या चौकटीतून ब्रह्मगिरी दिसत होता: माथा सपाट, बाजूंचे कडे सरळ तुटलेले. हा डोंगर तर तो जन्मापासून पाहत होता. त्याने कागदावर एक चौकोन काढला आणि आत डोंगराची एकच रेषा ओढली. चौकट म्हणजे छायाचित्र. रेषा म्हणजे गाव. शिक्का करून त्याने ती खाकी पाकिटावर उमटवून पाहिली. शाई थोडी पसरली. रेषा मात्र ओळखू येत होती.

दुसऱ्या दिवशी पाटी रंगविणारा आला. तरुणाने ते पाकीट त्याच्यापुढे धरले. त्याने ते जवळ नेले, मग दूर धरले आणि विचारले, "रंग कोणता?"

"सध्या काळाच," तरुण म्हणाला.