ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. कॉम्प्युटर मिळेल का? नाहीच मिळालं तर एआय-डेटा सायन्स घ्यावं का? घरून जाऊन-येऊन करता येईल असं कुठलं कॉलेज बसतंय? विचारतात आई-बाबा. ‘आमचा फिजिक्स जरा हुकला हो,’ असं आई सांगते, तेव्हा ज्याचा हुकला तो शेजारी बसून मोबाइल चाळत असतो. परवा अशाच एकाला म्हटलं, तुझं सीईटीचं लॉगिन उघड बघू. त्याने बाबांकडे पाहिलं. पासवर्ड बाबांना ठाऊक, ओटीपी बाबांच्या फोनवर. कॉलेजांची यादी आईच्या अक्षरात, प्रत्येक नावापुढे घरापासूनचे किलोमीटर. कुठल्या शाखेत काय शिकवतात याचा पत्ताच नाही.

कॉम्प्युटर वाईट नाही. ज्याला गोडी आहे त्याने खुशाल घ्यावं. मेडिकल, सीए, डिप्लोमा या वाटा सगळ्यांना पाठ आहेत, त्यावर मी शाई खर्च करत नाही. माझं भांडण आहे ते ‘घराजवळच्या कॉम्प्युटर’शी. क्लासमधलेच मित्र, आईचाच डबा, पाऊस आला की बाबांची गाडी. चार वर्षांनी हाच मुलगा मुलाखतीला बसतो आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर त्याला घाम फुटतो. सांगण्यासारखं त्याच्या वाट्याला आपण काही येऊच दिलेलं नसतं.

‘पण आम्ही त्याला दोन वर्षं लातूरला ठेवलं होतं की!’ कुणी कोटाचं नाव घेतं. ठेवलं होतंत, खरं. पुष्कळदा आईही खोली करून सोबत असते. दिवस क्लास आखून देतो, ताट समोर येतं, आजूबाजूला सगळे नीट नाहीतर जेईईवाले. त्या दोन वर्षांत स्वतःच्या डोक्याने काही ठरवायची वेळच येत नाही. गाव बदललं, बाकी सगळं तेच राहिलं.

माझा आग्रह असतो परराज्यातल्या केंद्रीय विद्यापीठांचा. आपल्याकडचे पालक त्यांची नावं ऐकतात आणि विषय बदलतात. 2022 पासून त्यांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. विषयांचे पेपर मराठीतूनही देता येतात. पुढे वर्गात मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजी. हैदराबाद विद्यापीठात बारावीनंतर पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम आहेत, विज्ञानाचे, समाजशास्त्रांचे, भाषांचे. बनारस आहे, आसामात तेजपूर आहे. खासगी कॉलेजांच्या मानाने फी फारच कमी. वसतिगृहाची खोली मिळेलच असं नाही, ते आधी विचारून घ्यावं. आणि फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच भरावा लागतो. जूनमध्ये माझ्याकडे येऊन ‘आता काही करता येईल का’ विचारणाऱ्यांना मी ‘नाही’ एवढंच सांगतो.

नांदेडकडची एक मुलगी अशी हैदराबादला गेली. घरच्यांना पुणं चाललं असतं, परराज्य नको होतं. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, हे नकाशा उघडून दाखवावं लागलं. खोलीत एक मल्याळी, एक ओडिया. पहिला महिना रोज रात्री फोनवर रडणं. वडील गाडी काढायला निघाले, मी म्हटलं, थांबा. जेवतेय, झोपतेय, वर्गात जातेय ना? मग रडू दे. (यातलं एकजरी थांबलं असतं तर मीच म्हटलं असतं, आत्ताच्या आत्ता निघा. घरची आठवण आणि आजारपण यांतला फरक पालकांना कळलाच पाहिजे.) दिवाळीला ती घरी आली तेव्हा तक्रारींचा सूर बदलला होता. मेसच्या भातावरून कमिटीशी भांडून आली होती. वर्गात हात वर करून, मोडक्या इंग्रजीत, ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणाली होती. शाळेत पहिल्या बाकावर बसूनही हे तिने कधी केलं नव्हतं, कारण तिथे सगळं कळतं असं दाखवणं भाग होतं.

ज्यांना घर सोडणं जमणार नाही, त्यांनी निदान राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालावं आणि खेड्यातलं सात दिवसांचं शिबिर चुकवू नये. गुणांसाठी जाणारे जातात, पण सातही दिवस मोबाइलमध्ये तोंड खुपसून काढता येत नाहीत. बँकेतलं खातं, प्रवेशाचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, ही कामं तर अकरावीपासूनच मुलांच्या गळ्यात घालावीत. चुकतील. तिकीट चुकीच्या तारखेचं निघेल, पाचशे रुपये बुडतील.

‘मुलगी आहे हो, एवढ्या लांब कशी धाडायची?’ हे मला ज्या घरांतून ऐकू येतं, त्यांतल्या काही घरांचा थोरला मुलगा चाळीस लाखांच्या कर्जावर अमेरिकेत एमएस करत असतो. तिथली खोली कुणी पाहून आलेलं नसतं. हैदराबादला निदान रात्रीच्या गाडीने पोचता येतं.