जुनं मशीन आणावं की नवी आवृत्ती घ्यावी?

प्रश्न : मामेभाऊ अमेरिकेहून जुना सुपर निन्टेंडो आणि ‘क्रोनो ट्रिगर’चं कार्ट्रिज आणतो म्हणतोय. आणू द्यावं, की हाच गेम कॉम्प्युटरवर घ्यावा?
– एक वाचक, औसा रोड, लातूर

उत्तर : पहिल्यांदाच खेळणार असाल तर कॉम्प्युटरवर घ्या. आपण लहानपणी जो टीव्ही गेम खेळलो, त्यात मारिओ आणि काँट्रा होते. डाव जपून ठेवायची सोय बहुधा नसायचीच. ‘क्रोनो ट्रिगर’सारखा रोल-प्लेइंग गेम मात्र वीस-वीस तास चालतो. १९९५च्या या कार्ट्रिजमध्ये डाव टिकतो तो आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर. ती संपली की सगळी मेहनत पाण्यात. नवी बॅटरी सोल्डर करून बसवता येते, पण ती काढताना जुना डाव सहसा पुसला जातो. त्यात खेळ ठरावीक जागीच सेव्ह होतो. उन्हाळ्यात ऐन लढाईत लाइट गेली, तर मागच्या जागेपासून पुन्हा सुरुवात!

२०१८ला कॉम्प्युटरवर आलेली आवृत्ती आधी मेनू आणि अक्षरांमुळे खटकत होती. पुढच्या अपडेट्समध्ये बरीच सुधारली. लॅपटॉपवर लाइटचीही चिंता नाही.

तरीही घरात जुना डब्बा टीव्ही असेल तर मशीन जरूर आणवा. त्या काचेवर ती चित्रं जशी मऊ दिसतात, तशी सपाट पडद्यावर दिसत नाहीत. मला तो फरक फार मोलाचा वाटतो. फक्त टीव्ही एनटीएससी सिग्नल घेतो का ते पाहा, नाहीतर चित्र कृष्णधवल दिसेल. आणि तिथला १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आपल्या २३०च्या प्लगमध्ये थेट लावू नका, जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या.