पिंजऱ्यातल्या घोयऱ्याविषयी

कन्नड,
कोजागिरीचा आदला दिवस

चि. ओंकार,


तुझे निरोप आणि फोटो पोचले. उत्तर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टाइप केलेलं तू वरवर चाळतोस आणि 'हो आत्या' म्हणून मोकळा होतोस. निदान माझं अक्षर लावायला तरी थांबशील.

खुलताबादच्या घाटात रस्ता ओलांडणारा घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, गाडीखाली येईल म्हणून तू उचललास, इथपर्यंत तुझं काहीच चुकलं नाही. त्याचं तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूच्या झुडपावर ठेवून पुढे निघायचं होतं. तू तो डब्यात घालून गारखेड्याला आणलास, आजोबांच्या जुन्या पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवलास, 'राजा' असं बारसंही केलंस. फोटो मोठा करून पाहिला. या जातीच्या नराच्या मागच्या पायाला टाचेशी बारीक काट्यासारखा उंचवटा असतो. तुझ्या राजाला तो कुठे दिसत नाही. शिवाय 'खाऊन पोट टम्म झालंय' आणि 'दिवसभर पिंजऱ्याचा तळ खरवडतो, फार खेळकर आहे' असं तूच लिहिलं आहेस. अरे, पावसाळा सरता सरता मादी झाडावरून उतरते ती अंडी घालायला. भुसभुशीत जमीन शोधते, बीळ उकरते, दहापासून तीसपर्यंत अंडी घालून ते पुन्हा बुजवते. एरवी जमिनीवर क्वचितच येणारा हा प्राणी या दिवसांत रस्त्यावर दिसतो तो बहुतेकदा याचसाठी. तेव्हा बहुधा ती राणी आहे, पोटात खाणं नसून अंडी आहेत आणि पत्र्याच्या तळाला ती माती शोधते आहे. माती मिळाली नाही तर अंडी आत अडकून मादी मरू शकते. म्हणून बाकीचं वाचण्याआधी उठ, एक खोल बादली घे, वाळू आणि माती मिसळून फूटभर भर. हातात दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये इतकी ओली कर. बादली पिंजऱ्यात मावत नसेल तर राणीला पिंजरा आणि बादलीसकट न्हाणीघरात ठेव, पिंजऱ्याचं दार उघड, न्हाणीघराचं लावून घे आणि तिच्यावर पाळत ठेवू नकोस. कोणी बघत असलं की ती उकरत नाही.

आता तिच्या स्वभावाचं. 'हातावर घेतलं की अगदी गप्प बसतो, माणसाळलाय' हे तुझं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. कुत्रं मांडीवर गप्प बसतं त्याचा अर्थ वेगळा. घोयऱ्याला पळता येत नाही, चावा फारसा लागत नाही, विष तर मुळीच नाही. हललं नाही तर दिसणार नाही, हाच त्याचा मुख्य बचाव. तुझ्या तळहातावर ती तेच करते आहे. फोटोत रंग बघ: अंगभर काळपट तपकिरी, ठिपके उठलेले, गळा फुगलेला, अंग चपटं करून आडवं धरलेलं. एक डोळा तुझ्याकडे आणि दुसरा पडद्याच्या दांडीकडे. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवता येतात म्हणून तुला गंमत वाटली. मला त्यात बाहेर पडायची वाट शोधणारा प्राणी दिसला.

आसपासच्या रंगात मिसळायला हा रंग बदलतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. पुढाऱ्यांना दिलेल्या शिव्याही त्याच समजुतीवर चालतात, आणि त्यात बिचाऱ्याची विनाकारण बदनामी होते. रंग मुख्यतः दोन गोष्टी सांगतो: अंगाला ऊन किती हवं आहे आणि मन कसं आहे. सकाळी थंडावलेला घोयरा गडद होऊन उन्हाला आडवा बसतो, तापला की फिकट होतो, रात्री झोपेत तर जवळजवळ पांढुरका दिसतो. जीनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर दाखवले. प्राणी निवांत असताना स्फटिक दाटीने असतात, निळा प्रकाश परततो आणि कातडीतल्या पिवळ्याशी मिळून हिरवा दिसतो. खवळला की ते एकमेकांपासून लांब सरकतात आणि रंग पिवळ्या-तांबड्याकडे जातो. काळपटपणा येतो तो निराळ्या, काळं द्रव्य असलेल्या पेशींमुळे. हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असताना तू 'माणसाळलाय' म्हणतोस!

तरीही हलवावं लागेलच, तर हाताने नको, फांदीने हलव. वरून हात नेऊ नकोस. वरून येतो तो तिच्या लेखी शिकऱ्याचा पंजा. करंगळीएवढ्या जाडीची खरबरीत फांदी तिच्या पुढे, छातीच्या किंचित खाली धर आणि थांब. ती आपणहून चढेल. बोटं दोन आणि तीन अशी जुळून चिमट्यासारखी झालेली असतात आणि पकड घट्ट असते. ओढून काढायला गेलास तर नखं उपटतात, बोटं मोडतात. शेपूट हा पाचवा पाय आहे. पालीसारखी तुटून पुन्हा उगवत नाही. आरसा दाखवून रंग बघायचा खेळ बंद. आरशात तिला दुसरा घोयरा दिसतो, आणि या जातीला दुसरा घोयरा नकोच असतो. मित्रांना दाखवायचीच असेल तर लांबून दाखव.

पिंजरा बघून तर मला वहिनीशी बोलावंसं वाटलं. पोपटाची वर्षानुवर्षांची शीट तळाच्या कोपऱ्यांत तशीच आहे. पाण्याची वाटी भरलेली आहे, पण घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही, त्याला ते पाणी म्हणून कळतच नाही. पानावरचे थेंब जिभेने टिपतो. फवाऱ्याने फांद्या ओल्या कर, पुरे. तळाला रोज नवा वर्तमानपत्राचा कागद घाल. गॅलरीत दुपारचं ऊन थेट येत असेल तर अर्ध्या पिंजऱ्यावर सावली हवी. तोंड उघडं ठेवून बसलेली दिसली तर ती तापली आहे असं समज.

हे सगळं ती परत जाईपर्यंतच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली घोयरा संरक्षित आहे आणि त्या कायद्याच्या 'शिकार' या व्याख्येत पकडणंही येतं. तुझा हेतू चांगला होता हे मला ठाऊक आहे, कायद्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. 'सिद्धार्थ उद्यानात ठेवतात की प्राणी' असं तू म्हणशील. ते केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांखाली चालतं, आणि तिथेही जागा अपुरी पडते म्हणूनच मिटमिट्याच्या सफारी पार्कचा घाट घातला गेला. पोपटाच्या पिंजऱ्याला कोणतं प्राधिकरण मान्यता देणार?

तुझा दुसरा बेत वाचला: ही गेली तर दुकानातून येमेनचा, डोक्यावर उंच शेंडी असलेला 'वेल्ड शॅमेलिऑन' घ्यायचा. सरळ नाही म्हणत नाही. पण अशा विदेशी जातींची नोंदणी आता सक्तीची आहे. कायद्यात २०२२ला दुरुस्ती झाली, २०२४ला नियम आले, आणि केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर मालकी, हस्तांतर, पिल्लं, मृत्यू सगळं कळवावं लागतं. दुकानदार 'कागद नंतर बघू' म्हणाला तर तिथूनच परत फिर.

कागद झाले तरी खरं काम पुढे आहे, आणि ते मुख्यतः झाडूपोछ्याचं. काचेची पेटी घेऊ नकोस. चारी बाजूंनी जाळीचा, रुंदीपेक्षा उंची जास्त असा पिंजरा हवा. पूर्ण वाढलेल्याला दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार फूट उंच. हवा खेळली नाही की ओल्या पानांवर बुरशी धरते आणि प्राण्याला फुफ्फुसाचा आजार होतो. फवारणी सकाळी करायची, दुपारपर्यंत सगळं सुकलं पाहिजे, खाली पाणी निघून जायला भोकं आणि ताटली हवी. तळाला माती, भुसा, नारळाचा काथ्या काही नको, शिकार टिपताना जिभेला चिकटून पोटात जातं. विष्ठा रोज काढायची, आणि काढण्याआधी बघायची. तिच्याबरोबर येणारा पांढरा भाग पांढरा असला तर ठीक, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. खायला सोडलेल्यांपैकी उरलेले रातकिडे संध्याकाळी मोजून बाहेर काढायचे, झोपलेल्या प्राण्याला ते कुरतडतात. आठवड्यातून एकदा फांद्या आणि जाळी गरम पाण्याने घासून, उन्हात वाळवून परत लावायच्या. फिनाईलचं नावही काढू नकोस. आपल्याकडे स्वच्छ म्हणजे फिनाईलचा वास, पण सरपटणाऱ्यांना ते विषारी. आणि यातलं काहीही स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचं नाही. निरोगी दिसणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला असतो, आणि घरात आजी आहे. हात दर वेळी साबणाने.

यूव्हीबी किरणांची नळी लागते, काचेतून आलेलं ऊन चालत नाही, हाडं मऊ पडतात. नळी पेटत असली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षात बदलायची. किड्यांवर कॅल्शियमची पूड. कपाशीच्या शेतातून नाकतोडे धरून आणायचे नाहीत, आपल्याकडे फवारणी किती होते ते दादाला विचार. मे महिन्यात पारा ४०च्या वर गेला की कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको आणि बंद खोलीही नको. वीज गेली तर काय, याचं उत्तर आधी हवं. मादी घेतलीस तर नराशिवायही ती अंडी घालते, म्हणजे मातीची बादली आलीच. हे सगळं पाच-सात वर्षं, तुझी बारावी, नंतरचं कॉलेज आणि कदाचित पुण्याचं वसतिगृह धरून. आणि इतकं करूनही तो हातावर घ्यायचा प्राणी होणार नाही. बघायचाच असेल तर रविवारी इकडे ये. गौताळ्याच्या रस्त्याला बाभळीवर एक दाखवते, एका जागी तासभर बसायची तयारी ठेव.

आज मात्र १९२६ला फोन कर, ती वनविभागाची हेल्पलाइन आहे. घाबरू नकोस, कुठे सापडली, कधी सापडली, सगळं खरं सांग. घाटातलं नेमकं वळण आठवून ठेव, कारण तिला सोडायची तर तिथेच; हिमायत बागेत किंवा विद्यापीठाच्या डोंगरावर नव्हे. बादलीत अंडी सापडली तर ती वळवू-उलटवू नकोस, आहे तशी बादली त्यांच्याकडे दे. माणूस आला की मला कळव, आणि पोपटाचा तो पिंजरा धुऊन माळ्यावर टाक.

दादा-वहिनींना नमस्कार, आजीला सांग गुडघ्याचं तेल पाठवते आहे.

तुझी
आत्या